छपरावर गाय, अंगणात कलिंगड आणि पुढे पाच हिवाळे

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्चुअली' शक्य तितके काढले आहेत.)

फोन हातात आहेच, तर आधी एक फोटो शोधा. 'रॉडिंग फॅमिली, सॉड हाउस, नेब्रास्का, १८८६' असं टाका, सहज सापडेल. मातीचं बुटकं घर, समोर टेबल, टेबलावर कापलेलं कलिंगड. आणि सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे असं बघतंय, जणू आधार कार्डाचा फोटो चाललाय. आता नजर जरा वर न्या. छपरावर गाय आहे.

गाय खरं तर टेकडीवर उभी आहे. घर टेकडीच्या उतारात खोदून बसवलंय, त्यामुळे मागची जमीन आणि छप्पर एकाच पातळीला आलंय. पण फोटो काढायचा म्हणून गायीला तिथे कुणीतरी नेलं असणार, असं मला वाटतं. सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने १८८६ पासून कस्टर काउंटीत फिरून असे ३,००० पेक्षा जास्त फोटो काढले. लोक घरापुढे उभे राहायचे ते एकटे नाही, तर घोडे, गायी, जे काही आपलं आहे ते सगळं फ्रेममध्ये घेऊन. गंमत म्हणजे या बुचरने स्वतःही आधी सरकारी जमीन घेतली होती. काही आठवड्यांतच सोडून दिली. त्याला जे झेपलं नाही ते ज्यांना झेपलं, त्यांचे फोटो काढण्यात त्याने पुढचं आयुष्य घातलं.

तर आजचा विषय होमस्टेडिंग. कायदा पटकन सांगतो. २० मे १८६२ ला लिंकनने होमस्टेड अॅक्टवर सही केली, १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. वय २१ पूर्ण असेल किंवा तुम्ही कुटुंबप्रमुख असाल, तर १६० एकर सरकारी जमीन मिळणार. सगळी फी धरून साधारण १८ डॉलर. अट एकच: तिथे घर बांधा, जमीन कसा आणि पाच वर्षं राहा. पाच वर्षांनी दोन शेजारी साक्षीला आणा, कागद घेऊन जा. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा साडेतीन एकरांच्याही आत आहे, त्यामुळे १६० हा आकडा ऐकून आपले डोळे मोठे होतात. या कायद्याखाली शेवटी सुमारे १६ लाख लोकांना मिळून २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. अमेरिकेच्या एकूण जमिनीच्या दहा टक्के.

या गोष्टीचा जो हिरो आपल्याला सिनेमात दिसतो तो एकटा असतो. हॅट, बंदूक, घोडा, क्षितिज. कायद्यालाही तोच माणूस अभिप्रेत होता, म्हणजे एक अर्ज, एक नाव. पण 'पाच वर्षं राहा' या अटीचा अर्थ प्रत्यक्षात 'पाच हिवाळे काढा' असा होता. आणि हिवाळा एकट्याने निघत नव्हता. मला या विषयात जे काही म्हणायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

आपल्याकडे अडचणीचा ऋतू पावसाळा. कोकणात मे महिन्यात आगोट भरतात: मीठमिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा. नेब्रास्का आणि डकोटात तीच धावपळ ऑगस्ट ते डिसेंबर चालायची. फरक इतकाच की माणसांच्या आधी जनावरांची बेगमी करावी लागायची.

साधं गणित करू. साडेचारशे किलोच्या गायीला दिवसाला साधारण १० किलो सुका चारा लागतो. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे १५० दिवस, म्हणजे एका जनावराला दीड टन. दोन बैल, दोन गायी धरल्या तर सहा टन. विळ्याच्या मोठ्या भावाने, म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्याने, कसलेला माणूस दिवसाला एकरभर गवत कापायचा. कापणं हा त्यातला सोपा भाग. मग ते पसरायचं, उलटायचं, गोळा करायचं, गाडीत भरायचं, आणि पाऊस आत शिरणार नाही अशी गंजी रचायची. गंजीवर उभं राहून गवत तुडवायचं काम पोरांचं. बाप खालून फेकतोय, पोरं वर नाचतायत. मजा वाटते, पण ऑगस्टच्या उन्हात तासन् तास करून बघा.

बैल का, घोडे का नाही? सुरुवातीला बहुतेकांकडे बैलच होते. घोड्याला कष्टाच्या दिवसांत धान्य लागतं, बैल नुसत्या गवतावर चालतो, शिवाय तो स्वस्त आणि अगदीच वेळ आली तर खाताही येतो. हे शेवटचं आपल्याला ऐकवत नाही, पण त्यांच्या हिशोबात ते होतं.

गंजी रचून झाली की तिला आगीपासून वाचवायचं. शरद ऋतूत प्रेअरीचं गवत वाळून कोळ झालेलं असायचं, एका ठिणगीने मैलोन् मैल पेटायचं. म्हणून घर आणि गंजीभोवती नांगराने पट्टा काढायचे. कधी दोन पट्टे काढून मधलं गवत मुद्दाम जाळून टाकायचे. सहा टन चारा एका रात्रीत गेला तर जनावरं गेली, आणि जनावरं गेली की पुढच्या वर्षीचा नांगर गेला. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, आणि बॅकअप नाही.

आता चूल. झाडं नव्हतीच, म्हणून तर घरंही मातीची. गवताच्या मुळांसकट जमिनीचे जाड पट्टे नांगरून काढायचे, विटांसारखे कापायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून भिंत रचायची. अडीच-तीन फूट जाडीची भिंत हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार. फक्त छप्पर गळायचं. मग जाळायचं काय? शेण! आधी रानगव्यांचं, म्हणजे बायसनचं वाळलेलं शेण, आणि बायसन मारून संपवल्यावर गायीचं. पूर्वेकडच्या शहरांतून आलेल्या बायकांना सुरुवातीला याची भयंकर किळस. त्या काळच्या आठवणींमध्ये हा प्रसंग पुन्हा पुन्हा येतो: आधी काटक्यांनी उचललं, मग चिंधीने, मग अॅप्रनच्या टोकाने, आणि शेवटी सरळ हाताने. सप्टेंबर-ऑक्टोबरात पोरांना पोती देऊन माळावर पिटाळायचे, कारण बर्फ पडला की सगळं ओलं.

रशियातून आलेल्या जर्मन शेतकऱ्यांना मात्र यात काहीच नवीन नव्हतं. ते शेणात पेंढा मिसळायचे, त्यावर घोडे फिरवून तुडवून घ्यायचे, विटा कापून उन्हात वाळवायचे आणि रचून ठेवायचे. गोवऱ्या थापणाऱ्या कुठल्याही आजीला विचारा, ती म्हणेल, बरोबर आहे त्यांचं. मला हा भाग वाचताना फार आपलेपणा वाटला. जगात जिथे झाड नाही आणि जनावर आहे, तिथे माणूस शेवटी याच उत्तरावर येतो.

शेणही संपलं तर गवताला पीळ घालून जाळायचं. १८८०-८१ चा हिवाळा यासाठीच कुप्रसिद्ध आहे. ऑक्टोबरच्या मध्यातच पहिलं हिमवादळ आलं, पुढे रेल्वेच बंद पडली, कोळसा आणि पीठ दोन्ही येईना. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या 'द लाँग विंटर' या १९४० च्या कादंबरीत हाच हिवाळा आहे: दिवसभर गवताचे पीळ घालायचे आणि कॉफी दळायच्या यंत्रात गहू दळायचा. पिळलेलं गवत भराभर जळतं, त्यामुळे घरातला एक माणूस सतत पीळच घालत बसलेला. म्हणजे ज्याच्या गाठीला दुसरा माणूस नाही, त्याने स्वयंपाक करायचा की पीळ घालायचे?

कडाक्याची थंडी पडली की डुक्कर कापायचे. आधी नाही, कारण फ्रीज नव्हता, थंडी हाच फ्रीज. शेजारची दोन-तीन घरं एकत्र यायची, आज तुमच्याकडे, परवा आमच्याकडे. आपल्या सावडीसारखंच, किंवा बैलांसकट मदतीला जाऊन वर जेवून यायच्या इर्जिकीसारखं. मांस मिठात किंवा धुरात, चरबी वितळवून डब्यात, उरलेल्या चरबीचा साबण. जी माणसं साक्षीदार म्हणून पाच वर्षांनी सही करणार होती, त्यांच्याशी नातं असं जुळायचं.

रोख पैसा मात्र गव्हातून फार कमी यायचा. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाडीने उभं पीक फस्त केलं, त्या हिवाळ्यात लष्कराला लोकांमध्ये कोट वाटावे लागले. अशा वर्षांत दुकानातली साखर, कॉफी, पोरांचे बूट आले ते लोणी आणि अंड्यांवर. हा हिशोब बाईचा. आणि तोही हिवाळ्यात आटायचा, कारण दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी देणं थांबवतात आणि गाभण गाय दूध आटवते. म्हणून शरद ऋतूत जितकं लोणी विकता येईल तितकं विकायचं. एवढं करून कायद्याच्या लेखी ती कुणीच नाही. अविवाहित किंवा विधवा बाई स्वतःच्या नावाने जमीन मागू शकत होती, नवरा असलेली मात्र सहसा नाही. कुटुंबप्रमुख तो.

आणि पोरं. नेब्रास्कात असा कायदा होता की तुमच्या जनावराने दुसऱ्याचं पीक खाल्लं तर जबाबदारी तुमची. कुंपणाला लाकूड नाही, काटेरी तार अजून महाग. मग कुंपण म्हणजे आठ-दहा वर्षांचं पोरगं, दिवसभर गुरांमागे. वसंतात पेरणी, उन्हाळ्यात गवत, शरदात मका. मोठ्या मुलांना शाळेत जायला मिळायचं ते हिवाळ्यातच, कारण तेव्हा शेतात काम नसायचं.

हे लक्षात ठेवा आणि आता १२ जानेवारी १८८८ कडे या.

आधीचे कितीतरी दिवस कडाक्याचे गेले होते. त्या सकाळी अचानक ऊब आली. लोकांनी गोठे उघडले, जनावरं पाण्यावर नेली, मक्याच्या उभ्या ताटांत चरायला सोडली. पोरं पातळ कोट घालून शाळेत गेली. हवामानाचा अंदाज तेव्हा लष्कराचा सिग्नल कोअर तारेने पाठवायचा, रेल्वेच्या गावांत इशाऱ्याचे झेंडे लागायचे. पण माळावर पाच मैल आत असलेल्या घराला झेंडा दिसणार कसा? त्यांच्याकडे नोटिफिकेशन नव्हतं. डकोटात सकाळी उशिरा-दुपारी आणि पूर्व नेब्रास्कात शाळा सुटायच्या सुमाराला वादळ येऊन धडकलं. बर्फ पिठासारखा बारीक, डोळे उघडेनात, स्वतःचा हात दिसेना. रात्रीपर्यंत अनेक ठिकाणी पारा उणे ३० सेल्सिअसच्या आसपास. २३५ माणसं मेली असा अंदाज नेहमी दिला जातो, त्यांत शाळकरी मुलं बरीच. गुरं आणायला गेलेले बाप आणि मुलगेही. या वादळाचं नावच 'चिल्ड्रन्स ब्लिझर्ड' पडलं.

नेब्रास्काच्या होल्ट काउंटीत एटा शॅटक नावाची १९ वर्षांची शिक्षिका वाटेत अडकली. ती एका गवताच्या गंजीत शिरली आणि तिथेच तीन दिवस पडून राहिली. ऑगस्टमध्ये कुठल्यातरी कुटुंबाने जनावरांसाठी रचलेली गंजी. सापडली तेव्हा जिवंत होती. पाय कापावे लागले, आणि फेब्रुवारीत ती गेली. त्या रात्री गंजीत शिरलेली ती एकटीच नव्हती. काही वाचले, काही नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय हा एपिसोड अपुरा. 'रिकामी जमीन' रिकामी नव्हती. मध्य नेब्रास्कात लूप नदीच्या काठी पॉनी लोक राहायचे (उच्चारावर जाऊ नका, घोड्याचा संबंध नाही). त्यांची घरंही मातीचीच होती, मोठी, गोल. त्यांच्या बायका मका, घेवडा, भोपळा पिकवायच्या आणि हिवाळ्यासाठी जमिनीखालच्या पेवांत साठवायच्या. धान्य पेवात घालून सगळा समाज बायसनच्या शिकारीला निघायचा. या हवेत हिवाळा कसा काढायचा हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. करारांमागून करार करून त्यांची जमीन काढून घेतली आणि १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी तिथून जवळच, त्याच लूपच्या खोऱ्यात, टेकडीत घर खोदून, छपरावर गाय उभी करून फोटो निघत होते.

पाच वर्षं झाल्यावर अर्जदार ऑफिसात जायचा. घर किती बाय किती, किती एकर नांगरले, विहीर आहे का, गोठा आहे का, सगळं लिहून घ्यायचे. शेजारी सही करायचे. मालक म्हणून कागदावर नाव यायचं ते अर्जदाराचं.

पुढच्या एपिसोडमध्ये मघाशी उल्लेख केलेली ती काटेरी तार. १८७४ चं एक पेटंट आणि त्याने गुरांमागचं पोरगं कसं सुटलं, यावर बोलू. तोपर्यंत तुमच्या घरी आगोटीला किंवा वाळवणाला काय काय करायचे, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आजीच्याच आवाजात पाठवलंत तर उत्तम.