लोहाराचा भाता आणि प्राचीन लोहविद्या

एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आदिचनल्लूरच्या उत्खननातील लोखंडी वस्तू ठेवलेल्या आहेत. ताम्रपर्णीकाठच्या त्या दफनभूमीत अलेक्झांडर री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी उत्खनन केले, त्या वेळी हाती आलेल्या या तलवारी आणि हे भाले. महाराष्ट्रातून पाहुणे आले म्हणजे मी त्यांना आवर्जून तेथे नेतो. पाहुणे बहुधा एकच प्रश्न विचारतात, ‘हे किती वर्षांपूर्वीचे?’ हे केले कसे असेल, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

पहिल्या प्रश्नावर अलीकडे बरीच चर्चा झाली. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने शिवगळै येथील दफनकुंभांच्या कालमापनाच्या आधारे या प्रदेशातील लोखंडाचा काळ इसवी सनापूर्वी ३३४५ पर्यंत मागे नेला. काही विद्वानांनी आणखी पुराव्याची अपेक्षा व्यक्त केली, तीही योग्यच होय. परंतु कालमापनाने ‘केव्हा’ एवढेच कळते. ‘कसे’ हे कळण्यासाठी ज्याच्या हाताला ते काम ठाऊक आहे अशा माणसाकडेच जावे लागते.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी लोहाराच्या पालात भाता ओढण्याचे काम आम्हा मुलांकडे आनंदाने सोपविले जाई. पालात भर दुपारीही अंधार असे. तो दारिद्र्यामुळे असावा, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. पुढे उमगले की, लोखंड किती तापले हे लोहार रंगावरून ओळखतो आणि उन्हात तो रंग दिसत नाही. विळ्याला पाणी पाजताना आमचे लोहारदादा धार प्रथम दगडावर घासून चकचकीत करीत, मग तिच्यावर चढणाऱ्या छटा न्याहाळीत. पिवळसर छटा जाऊन जांभळी दिसू लागली की विळा पाण्यात जाई. त्यांच्याजवळ तापमापक नव्हता. प्राचीन लोहारापाशीही नव्हता, आणि म्हणूनच या निरीक्षणाला संशोधनात किंमत आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. गावचा लोहार अथवा पाल टाकून राहणारा घिसाडी हा तयार लोखंड घडवितो. दगडापासून लोखंड काढणारा कारागीर निराळा. हल्लीचा लोहार तर मोटारीच्या जुन्या पाट्या ठोकून कोयते करतो. त्याच्याकडून घडाईचे ज्ञान मिळेल, गाळणीचे नाही. आपल्या सह्याद्रीत गाळणीचे काम धावड करीत. महाबळेश्वरच्या रानात जांभ्यातील लोहयुक्त दगड आणि लाकडी कोळसा यांवर त्यांच्या भट्ट्या चालत. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त झाले, कोळशासाठी लागणाऱ्या रानांवर सरकारी निर्बंध आले आणि तो धंदा बुडाला. धावड हे नाव उरले, विद्या गेली.

ती जाण्याने काय हानी झाली, हे नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननावरून ध्यानात येते. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात तेथे महापाषाणयुगीन वस्ती खणली, तेव्हा इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. विटांची गोल भिंत, भात्याचा वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांचे तुकडे आणि मळी, एवढा तिचा ऐवज. अशा भट्टीत लोखंड वितळत नाही, कारण त्यास १,५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. दगडातील इतर अंश वितळून मळी होऊन वाहतो आणि लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरतो. तो तापलेला असतानाच घणाने ठोकून उरलेली मळी पिळून काढावी लागते. इतके रसायनशास्त्र सांगते. पण भाता किती जणांनी, किती वेळ ओढावयाचा, कोळसा आणि दगड कोणत्या क्रमाने घालावयाचे, गोळा तयार झाला हे बाहेरून कसे ओळखावयाचे, हे भट्टीच्या अवशेषांवरून कळत नाही. विचारावयास धावड उरला नव्हता.

आफ्रिकेत टांझानियातील हाया लोकांचे दैव याबाबतीत बलवत्तर ठरले. गाळणी बंद पडून अनेक दशके लोटली होती, तरी तारुण्यात ते काम केलेले काही वृद्ध हयात होते. १९७० नंतरच्या दशकात पीटर श्मिट आणि डोनाल्ड एव्हरी यांनी त्यांच्याकडूनच भट्टी उभारून घेतली, पेटविली आणि निघालेली मळी उत्खननातील मळीशी ताडून पाहिली. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले. परंतु ताडून पाहण्यास काहीतरी हाती होते.

आपल्याकडे ज्यांनी लिहून ठेवले ते बहुतेक कंपनीचे चाकर होते, ही थोडी लाजिरवाणी गोष्ट आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने १८००-०१ मध्ये मद्रासहून म्हैसूर व मलबारचा प्रवास केला आणि वाटेतल्या लोखंडाच्या भट्ट्यांचे बारकाईने वर्णन केले. जोशाया मार्शल हीथ याने १८३० मध्ये परंगिपेट्टै येथे विलायती पद्धतीचा कारखाना काढला. तो पुढे बुडाला. पण दक्षिणेतील कारागीर पोलाद कसे करीत याची हीथने १८३९ मध्ये दिलेली हकीकत मोलाची आहे. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाची वाळकी लाकडे आणि वर रुईची पाने घालून तोंड मातीने लिंपून टाकीत. लाकडातील कर्ब लोखंडात उतरून पोलाद होई. याच पोलादाचे नमुने डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून लंडनला धाडले, आणि पुढे फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले. तरवड आणि रुई आपल्या माळरानावर आजही उगवतात; मुशीत त्यांचे प्रमाण किती असावे हे हाताने जाणणारे मात्र गेले.

तंजावरला जाणाऱ्यांनी पूर्वेच्या तटावरील नायककालीन तोफ पाहावी. सात मीटरांहून लांब आणि सुमारे बावीस टन वजनाची ही तोफ ओतीव नाही; लोखंडी पट्ट्या व कडी तापवून, ठोकून, एकमेकांत सांधून ती केलेली आहे. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमणियम यांनी तिचा अभ्यास केला. बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवून पाण्याने आवळताना ज्याने पाहिले आहे, त्यास त्या कड्यांची करामत समजावयास फार वेळ लागत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. लोहारदादांचा नातू आता वेल्डिंगचे दुकान चालवितो; दारे-खिडक्यांची कामे भरपूर आहेत. भाता कोठे आहे, असे विचारले. कातडे कुजले म्हणून टाकून दिला, म्हणाला. ऐरण तेवढी दारात होती. विजेचा कटर बंद करून त्याने मला तिच्यावर बसावयास सांगितले आणि तो चहा आणावयास आत गेला.