पंधरा येन, पन्नास सेन

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं होती. टोकियो-योकोहामात घरोघरी चुली पेटलेल्या, तेवढ्यात भूकंप झाला. लाकडी घरं धडाधड पेटली. लाखभर माणसं गेली, बहुतेक आगीतच.

मंडळी, हा झाला निसर्गाचा कोप. पुढचं माणसांनी केलं. कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत अशी आवई उठली, पोलिसांनीही ती पसरवली. सरकारने लष्करी कायदा पुकारला. गल्लोगल्ली टोळ्या लाठ्या-भाले घेऊन उभ्या राहिल्या. वाटसरूला 'पंधरा येन, पन्नास सेन' हे जपानीत म्हणायला लावायचं. जीभ अडखळली की संपलं! हजारो कोरियन मारले गेले. बोली वेगळी वाटली म्हणून कागावाकडचे नऊ जपानी फेरीवालेसुद्धा.

याच धामधुमीत लष्करी पोलिसांनी विचारवंत ओसुगी साकाए, लेखिका इतो नोए आणि ओसुगींचा सहा वर्षांचा भाचा यांना पकडून ठार केलं. कॅप्टन अमाकासूला दहा वर्षांची शिक्षा झाली, तीनेक वर्षांत तो सुटलाही.

मी जन्मभर वर्गात मुलांचे उच्चार तपासले. चुकलं की म्हणायचो, "पुन्हा म्हण बरं." त्या रस्त्यांवर 'पुन्हा' नव्हतं. तुम्हांला काय वाटतं, जरूर लिहा.