गुरूचा मान

कोल्हापुरांत १९०८ सालीं जन्मलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांनीं केंब्रिज येथें टायसन पदक व रॅले पारितोषिक मिळविलें. पुढें पंचविशीच्या आंतच, १९३२ सालीं, ते काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक झाले आणि सापेक्षतावादाचें संशोधन त्यांनीं तेथें रुजविलें.

श्वार्त्सशिल्डनें १९१६ सालीं ताऱ्याचें गुरुत्वाकर्षण गणितांत मांडलें, तें भोंवतीं निखळ पोकळी मानून. खरा तारा मात्र प्रकाश फेंकीत असतो. प्रकाशालाही ऊर्जा असल्यामुळें ती पोकळी रिती राहत नाहीं. अशा तेजस्वी ताऱ्याचें गणित नारळीकरांच्या मार्गदर्शनाखालीं प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनीं १९४३ सालीं सोडविलें. जगभर तें वैद्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. शिष्याचें नांव ग्रंथांत कायम व्हावें, याहून मोठें पदक गुरूला कोणतें?