पट्टी

आमच्या मराठवाड्यात ‘पट्टी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पेटीवाल्यापुढे हा शब्द काढला तर तो विचारेल, काळी एक की पांढरी चार? गावातल्या इतर कुणापुढेही काढला तर त्याचा हात खिशाकडे जाईल आणि तो विचारेल, यंदा किती? सप्त्याची पट्टी, जत्रेची पट्टी, गणपतीची पट्टी. पुण्या-मुंबईची मंडळी हिला वर्गणी म्हणतात.

गेले काही महिने मी आणि माझे चार-पाच मित्र या दोन्ही पट्ट्यांच्या मागे लागलोय. मुदखेडमध्ये वर्षातून सहा बैठका करायच्या असं ठरलंय. शास्त्रीय गाणं किंवा वाजवणं, साठ-सत्तर माणसं मावतील एवढी खोली, माईक नाही, गाणारा आणि ऐकणारा यांच्यात दोन हातांचं अंतर. खर्चाची यादी छोटी आहे पण हट्टी आहे: कलाकाराची बिदागी, तबला-पेटीच्या साथीदारांचं मानधन, येण्याजाण्याचं भाडं, जेवण, सतरंज्या. यातल्या सतरंज्या तेवढ्या फुकट मिळाल्या.

अशात एका सद्गृहस्थांचा निरोप आला. सहाही बैठकांचा सगळा खर्च मी करतो, मागे फक्त माझ्या नावाचा फलक लावा. झालं! आमच्यात सरळ दोन तट पडले. एक म्हणतो, लक्ष्मी दारात आलीय, घ्या आत. दुसरा म्हणतो, मग या बैठका आपल्या कुठे राहिल्या? कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटला की मी आधी जुनं काहीतरी वाचायला घेतो, ही माझी सवय तुम्हाला माहीतच आहे. (घरच्यांना तर फारच.) तर त्या वाचनातलं थोडं इथे मांडतो.

सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे राजाश्रय. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी होते. १९२२ साली महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबई गाठली. म्हणजे एक माणूस गेला आणि एवढं मोठं गाणं गावातून उठलं. गंमत बघा, त्याच कोल्हापुरात १८८३ साली काही रसिकांनी एकत्र येऊन गायन समाज काढला होता. तो देवल क्लब म्हणून आजही उभा आहे. पुण्यात त्याच्याही आधी, १८७४ साली, बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्ध्यांनी पूना गायन समाज स्थापन केला होता. आश्रयदात्यांत गव्हर्नर आणि संस्थानिक होते खरे, पण कल्पना नवी होती: गाणं ऐकायला दरबारात मान असायची गरज नाही, समाजाचा सभासद असलं की पुरे.

मग विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेले, मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले, मिरजेच्या संस्थानिकांचा आधार होता. १८९६ साली तो आधार सोडून ते बाहेर पडले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं आणि आपल्याकडचा असा तो पहिलाच कार्यक्रम, असं सांगतात. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुणा राजाच्या खजिन्यावर नाही, लोकांच्या पैशावर. इथपर्यंत वाचताना आपल्यालाच हुरूप येतो.

१९०८ साली ते मुंबईला आले आणि पुढे इमारतीसाठी त्यांनी कर्ज काढलं. कर्ज फेडायला गावोगाव जलसे, जलशांतून येणारा पैसा व्याजात, की पुन्हा जलसे! शेवटी इमारत सावकारांनी लिलावात काढली. बुवा नाशिकला गेले, रामनामात रमले आणि १९३१ साली वारले. पण त्याच १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं आणि आज तालुक्यातालुक्यातली पोरं ज्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा परीक्षांना बसतात, त्या याच मंडळाच्या. इमारत गेली आणि माणसांमधलं नातं टिकलं. मी मित्रांना म्हटलं, आपण हॉल बांधायचं नावसुद्धा काढायचं नाही! (तसं कुणी काढलंही नव्हतं.)

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. आपण ज्याला बैठक म्हणतो त्याच्याशी नातं सांगणारं पश्चिमेकडचं चेंबर म्युझिकही असंच, दिवाणखान्यात मावणारं. ते बड्या घराण्यांच्या आश्रयावरच वाढलं, आणि तिथल्या कलावंतांनीही पुढे वर्गणीची वाट धरली. १७८४ साली मोझार्टने व्हिएन्नात तीन मैफिलींची वर्गणी गोळा केली आणि वर्गणीदारांची यादी मोठ्या अभिमानाने वडिलांना पाठवली. यादीत १७४ नावं होती. पाच वर्षांनी, १७८९ साली, त्याने पुन्हा यादी फिरवली. पंधरा दिवसांनंतर त्या यादीवर नाव होतं एक! बॅरन फान स्वीटन. मधल्या काळात तुर्कांशी युद्ध सुरू झालं होतं, पैशाची चणचण होती, बडी घराणी हात आखडून होती. गाणारा तोच, गावही तेच. हे वाचलं आणि पावतीपुस्तक घेऊन फिरताना ज्या दारातून आम्ही हात हलवत परतलो होतो, त्या दारांचा राग जरा कमी झाला. माणसाला गाणं नको असतं असं नाही, कधीकधी वेळच वाईट असते.

आणखी एक गोष्ट मला फार टोचली. आपल्याकडे गाण्याने दुसऱ्यांसाठी अमाप पैसा उभा करून दिलाय. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून संयुक्त मानापमान केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या रात्रीच्या आठवणी मराठी माणूस अजून सांगतो. पण त्याच सुमाराला खुद्द बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं. अब्दुल करीमखाँसाहेबांनी १९०७ साली बेळगावात आर्य संगीत विद्यालय काढलं, मुलांना जेवूखाऊ घालून शिकवलं आणि खर्चासाठी शिष्यांना घेऊन जलसे केले. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमाकडे निघालेले खाँसाहेब वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमल कोइल या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथेच फलाटावर गेले. आम्ही जंक्शनच्या गावातली माणसं, फलाटावर घालवलेल्या रात्री आम्हाला नव्या नाहीत, म्हणून असेल, पण हा प्रसंग वाचला की माझ्या डोळ्यासमोर आमचंच स्टेशन येतं. दिवाळी अंकापासून शाळेच्या खोलीपर्यंत सगळ्याच्या मदतीला आपण गाणं बोलावतो. गाण्याच्या मदतीला कुणाला बोलवायचं?

आता आपल्या भागाकडे येतो. पुण्या-कोल्हापूरसारख्या जुन्या गायन समाजांची रांग आमच्याकडे नाही, याला इतिहास आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. १९२९ च्या गश्ती निशान ५३ प्रमाणे साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. चार माणसांनी जमून समाज काढणं, सभासद करणं, हिशेब छापणं हे जिथे संशयाचं काम, तिथे गायन समाज कसा रुजणार? गाणारे मात्र होते. पं. नाथराव नेरळकर मूळचे नांदेडचे, पण त्यांची कारकीर्द बहरली ती औरंगाबादेत. अलीकडे शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ नांदेडला संगीत शंकर दरबार भरतो, मोठमोठे कलाकार येतात, आम्हीही जातो. पण तो मोठ्या मंडपाचा सोहळा. खोलीतल्या गाण्याची परंपरा आमच्याकडे नाहीच, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

आमच्या मामांनी विचारलं, “आन् सप्ता कोण करतं मग?”

खरंच की! अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे काय? सात दिवस, रोज रात्री कीर्तन, त्यात गायनाचार्य, मृदंगाचार्य, टाळकरी, आणि रात्रंदिवस खाली न ठेवायची वीणा. वर्षानुवर्षं चालणारी ही संगीताची मालिकाच आहे की. आणि पैसा? तिकीट नाही, कर्ज नाही, दरबार नाही. पट्टी आहे. ऐपतीप्रमाणे घरटी ठरलेली पट्टी. ज्याच्याकडे रोकड नाही तो ज्वारी देतो, गहू देतो, डाळ देतो. एका दिवसाची पंगत एका घराची, दुसऱ्या दिवसाची दुसऱ्याची. काहीच नसेल तो वीणेचा पहारा घेतो, पाणी भरतो, वाढायला उभा राहतो. कीर्तनकाराची बिदागी ठरलेली असते आणि काल्याच्या कीर्तनानंतर कुणी काय दिलं ते माईकवरून वाचलं जातं. अकरा रुपयेवाल्याचंही नाव येतं.

मामांनी आणखी एक सांगितलं. सगळा सप्ता माझ्याकडे, असं म्हणणारा एखादा दरवर्षी निघतोच. जुनी माणसं त्याला नाही म्हणत नाहीत. त्याला एक पंगत देतात. फार तर काल्याची, मानाची. सगळ्या देत नाहीत. कारण ज्या वर्षी एकाच घराचा सप्ता होतो, त्या वर्षी बाकीची घरं पाहुण्यासारखी येतात, जेवतात आणि जातात. पुढच्या वर्षी त्या घरात काही अडचण आली की पट्टी मागायला कोण फिरणार? फिरायची सवयच मोडलेली असते.

मला वाटतं इतकी सगळी पुस्तकं चाळून मला जे हवं होतं ते इथे सापडलं. पट्टीने पैसा जमतो, हे तर झालंच. पण पट्टी मागताना श्रोते जमतात. ज्याने दोनशे रुपयांची पावती फाडली तो बघायला तरी येतो, की माझ्या दोनशे रुपयांत हे काय गातात. पहिल्या आलापात जांभई देईल, पण येईल. आणि दुसऱ्यांदा आला की तो आपला. फलकावरच्या एका नावाने खर्च भागेल, पण साठ सतरंज्यांवर बसायला साठ माणसं कुठून येतील?

परवा आमची बैठक झाली (गाण्याची नव्हे, भांडणाची). दोन तास चालली. ठरलं ते असं: त्या सद्गृहस्थांना सहापैकी एक बैठक द्यायची, मानाची, दिवाळीनंतरची. उरलेल्या पाच पट्टीवर. कर्ज नाही. जमेल तेवढ्याच बैठका, पाचच्या तीन झाल्या तरी चालतील. कलाकाराची बिदागी मात्र आधी बाजूला काढायची, उरेल त्यात चहा. आणि वर्षाचा हिशेब शेवटच्या बैठकीत गाण्याआधी मोठ्याने वाचायचा. निरोप घेऊन मीच गेलो होतो. त्यांनी थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, “बरं. पण मग बाकीच्या पाचांची पावती पण फाडा माझ्या नावानं. सगळ्यांसारखी.”

काम अजून खूप बाकी आहे. मुदखेडच्या शिवारात फुलांची शेती आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. परवा एक फूलवाला म्हणाला, मला पैसे मागू नका, सहाही वेळचे हार माझ्याकडून. ते आम्ही पट्टीतच धरले, ज्वारीसारखे. तंबोऱ्याची जोडी अजून मिळालेली नाही. कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडली असेल तर कळवा, गवसणी आम्ही शिवून घेऊ.

आणि हैदराबादच्या, पुण्याच्या, न्यू जर्सीच्या सर्व काका-आत्या-मावशांनो, पावतीपुस्तकात तुमची नावं मी आधीच लिहून ठेवली आहेत. आकडा तेवढा रिकामा आहे.