खिळा, फॉन्ट आणि न उमटलेले पान

आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापिकाबाईंनी १९९८ मध्ये पेशवाईतील पत्रव्यवहाराच्या भाषेवर प्रबंध सादर केला. पदवी मिळाल्यावर पुस्तक करण्याच्या हेतूने त्यांनी तो बराचसा पुन्हा लिहिला, दोन परिशिष्टे नव्याने जोडली. प्रकाशन मात्र राहून गेले. बांधीव प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पण हे सुधारलेले हस्तलिखित (हाताने लिहिलेले त्यात काहीच नसले तरी दुसरा शब्द सुचत नाही) केवळ एका फाइलीच्या रूपाने उरले होते. आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग पेनड्राइव्हवर. मागील वर्षी बाईंनी ती फाइल घरच्या प्रिंटरवर छापायला घेतली, तेव्हा कागदावर मराठीचे एक अक्षरही उमटले नाही. उमटली ती रोमन अक्षरे, मधूनमधून अर्धे कंस, पौंडाचे चिन्ह आणि स्वल्पविरामांची रांग. प्रिंटर बिघडला, असा बाईंचा समज झाला.

अशा वेळी पहिली परीक्षा सोपी असते: दुसरे काहीतरी छापून पाहावे. विजेचे बिल नीट छापले गेले. प्रिंटर निर्दोष सुटला. मग तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली. तेथे पडद्यावरही तीच रोमन अक्षरे. म्हणजे दोष प्रिंटरचा नव्हता, फाइल फुटलेलीही नव्हती. तिच्यात जे साठवले होते तेच प्रामाणिकपणे कागदावर उतरले होते. प्रश्न इतकाच, की त्या फाइलीत मराठी कधी होती का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर लेखनाचे दोन प्रकारे होणारे जतन समजून घ्यावे लागते. एकात अक्षराची ओळख जपली जाते, दुसऱ्यात त्याची आकृती. मराठी मुद्रणात हे द्वंद्व संगणकाहून फार जुने आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळेवर. शिळाछापात अक्षर हे चित्रच असते. लिहिणाऱ्याचे वळण जसेच्या तसे उतरते, जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असो. खिळ्यांचे मुद्रण आले आणि देवनागरीचे तुकडे पाडण्याची गरज निर्माण झाली. कोणते जोडाक्षर अखंड ओतायचे, कोणत्या अक्षराला मात्रा वेगळी जोडायची, रफार कोठे बसवायचा, हे ओतारी ठरवू लागला. रोमन लिपीच्या काही डझन खिळ्यांपुढे आपल्या जुळाऱ्याच्या पेटीत शेकड्यांनी खण होते. सावरकरांच्या ‘अ’च्या बाराखडीमागे (अि, अु, अे) राष्ट्रीय भूमिका होती हे खरे, पण खण कमी करण्याची व्यावहारिक निकडही होती.

संगणकावर ही पेटी आणखी आखूड झाली. त्या काळच्या फॉन्टमध्ये जागा २५६, त्यांतल्याही काही आधीच राखीव. ठिपक्यांच्या प्रिंटरमध्ये रोमन अक्षरे यंत्रातच कोरलेली असत. संगणकाने क्रमांक पाठवला की अक्षर उमटे. देवनागरीसाठी ती सोय नव्हती, अक्षर ठिपक्याठिपक्याने चित्र म्हणून पाठवावे लागे. नऊ सुयांच्या प्रिंटरवर छापलेली मराठी पत्रे ज्यांनी वाचली आहेत त्यांना अनुस्वार शोधण्याचा तो व्यायाम आठवत असेल.

पुढचे वळण अमेरिकेत आले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातून बाहेर पडून जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी काढली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा. १९८५ च्या ॲपल लेसररायटरमध्ये तीच होती. आता अक्षर ठिपक्यांच्या नव्हे तर वक्ररेषांच्या हिशेबात मांडता येऊ लागले, म्हणजे कोणत्याही लिपीला दार उघडले. पण त्या प्रिंटरच्या स्मृतीत टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरिअर आणि सिम्बॉल एवढीच कुटुंबे घरची. बाकीच्यांनी पाहुण्यासारखी आपली वळकटी बरोबर आणायची. फाइलीसोबत फॉन्ट आला नाही तर प्रिंटर बिनदिक्कत घरचा फॉन्ट वापरी आणि देवनागरीच्या जागी कुरिअरमधली निरर्थक अक्षरावळ बाहेर येई.

बाईंच्या फाइलीचे रहस्य येथेच आहे. पुण्यातल्या सी-डॅकने आणि खाजगी कंपन्यांनी नव्वदच्या दशकात जे मराठी फॉन्ट घडवले त्यांतील बहुतेकांनी रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे भरले होते. फाइलीला वाटे आपण इंग्रजी साठवतो आहोत. देवनागरी दिसे ती फॉन्टच्या मुखवट्यामुळे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी साठवली जाई. जुळाऱ्याचीच रीत ही. आणि प्रत्येक कंपनीची पेटी वेगळी, कधी तर एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचे खणही वेगळे. गंमत अशी की वर्ड वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीतले करी, आणि तेवढ्याने मराठी वाक्याच्या आरंभी भलताच तुकडा येऊन बसे. मुद्रितशोधकांनी ते ‘खिळ्याचे दोष’ म्हणून दुरुस्त केले. दोष कोणाचा हे कोण पाहणार!

दुसरे विघ्न कुलपाचे. फॉन्टची नक्कल होऊ नये म्हणून अनेक मराठी सॉफ्टवेअरांसोबत एक छोटी डबी येई. ती संगणकाच्या ज्या खाचेत बसवायची ती प्रिंटरचीच, आणि प्रिंटरची वायर त्या डबीच्या पाठीला. डबी सैल झाली की फॉन्टही गेला आणि छपाईही थांबली. डीटीपी करणाऱ्याचा हात नकळत टेबलामागे जायचा तो याचसाठी. व्यवसायाने स्वतःचे रक्षण करावे याबद्दल तक्रार नाही. पण कुलूप लेखनालाही लागले होते, हे लेखकाला कोणी सांगितले नाही.

दुसरा मार्ग नव्हता असे मात्र नाही. भारतीय लिप्यांसाठी अक्षराची ओळख साठवणारे इस्की हे प्रमाण १९८८ मध्ये आले, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झाले. आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली होती. येथे ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. आकृती कशी काढायची ते यंत्राने पाहावे. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह ही व्यवस्था घरोघरी येऊ शकली. एक्सपीवर मात्र ती वेगळी चालू करावी लागे, नाहीतर वेलांटी व्यंजनाच्या पलीकडे जाऊन बसे. प्रकाशनव्यवसाय तरीही जुन्याच वाटेने चालला, कारण पाने लावण्याचे त्याचे साधन पेजमेकर होते आणि २००१ मधील शेवटच्या आवृत्तीपर्यंत पेजमेकरला युनिकोड देवनागरी उमगली नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय २०१२ च्या आवृत्तीत झाली. म्हणजे ज्या दोन दशकांत मराठी पुस्तक संगणकावर गेले, त्या दोन दशकांचे बरेचसे अक्षरधन मुखवट्याच्या फाइलींत अडकले. साहित्याच्या अभ्यासकाने हे ध्यानात घ्यायला हवे, कारण लेखकाचा शेवटचा हात अनेकदा त्या फाइलीवरच फिरलेला असतो.

१९९३ मधील पीडीएफने छपाईचा प्रश्न पुष्कळसा सोडवला: फॉन्टची वळकटी फाइलीतच बांधली गेली. पण जुन्या फॉन्टची पीडीएफ सुबक छापली जाते, तिच्यात ‘पेशवे’ हा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही. कधी फॉन्टच्या परवान्यात तो फाइलीत बांधण्याची मनाई असते, मग परगावच्या प्रिंटरवर चौकोनांच्या ओळी उमटतात. फाइल पडद्यावर ठीक दिसून कागदावर बिघडत असेल तर ॲक्रोबॅटमध्ये पान ‘चित्र म्हणून’ छापण्याचा पर्याय आहे. बहुतेक वेळा तो उपयोगी पडतो. पान आधी संगणकातच चित्र होते आणि प्रिंटरला अक्षरांशी कर्तव्य उरत नाही. गणपत कृष्णाजींना ही युक्ती ओळखीची वाटली असती.

बाईंच्या फाइलीला हा उपाय लागू नव्हता, कारण मूळ फॉन्टच हाती नव्हता. ज्यांनी मजकूर जुळवला ते दुकान केव्हाच बंद झाले. शेवटी त्याच घराण्यातल्या फॉन्टसाठी केलेल्या एका परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि परिशिष्टे छापली. पाने बहुतांशी शुद्ध निघाली. परंतु परिवर्तकाने र चे आडवे चिन्ह आणि रफार यांत भेद केलेला नाही, हे दुसऱ्याच पानावर कळले. ‘डोंगरदर्या’ पाहून आम्ही हसलो, कारण तेथे दर्याला वाव नव्हता. तशा जागा हाताने सुधारता आल्या.

एक जागा राहिली. श्रावणमासाच्या दक्षिणेच्या संदर्भात कोणाला किती रुपये दिले याची ती नोंद आहे, आणि छापील पानावर रक्कम ‘आचार्यांस’ दिल्याचे दिसते. बाईंनी त्या वेळी काय लिहिले होते, आचार्य की आचारी? त्या प्रसंगी दोघेही हजर असणार, आणि दोघांनाही पैसे मिळणे शक्य आहे. रकमेवरून काही ठरत नाही. बाईंनी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे आणि पुणे पुराभिलेखागारात जाऊन मूळ कागद पुन्हा पाहायचा असे ठरवले आहे. रुमालाचा क्रमांक तळटीपेत आहे. तो अंकांत असल्यामुळे नीट उमटला.