फुशिमी इनारी ताइशा

जपानमधील क्योतो शहराच्या दक्षिण भागात, 233 मी. उंचीच्या इनारी डोंगराच्या पायथ्याशी असलेले प्राचीन शिंतो देवस्थान. परंपरेनुसार हाता कुळाने ते इ. स. 711 मध्ये स्थापिले. ओनिन युद्धात जळालेले मुख्य मंदिर 1499 मध्ये पुन्हा उभारण्यात आले. देशभरच्या हजारो इनारी देवस्थानांचे हे मूळपीठ. इनारी आज व्यापाराचे दैवत म्हणून ख्यातनाम असले, तरी ते अद्यापही भातशेतीचेच दैवत आहे. स्थापनाकथेत कांडलेल्या भाताच्या गोळ्यावर बाण मारताच त्याचा पांढरा पक्षी होतो आणि तो उतरतो त्या शिखरावर भात उगवतो. देवदूत मानलेल्या दगडी कोल्ह्यांपैकी एकाच्या तोंडात भाताची लोंबी, तर दुसऱ्याच्या तोंडात धान्यकोठाराची किल्ली दिसते.

इनारी आजही भातशेतीचेच दैवत आहे, या म्हणण्यावर आक्षेप असा, की डोंगरवाटेवरील हजारो शेंदरी तोरी कमानी मुख्यतः व्यापारी व कंपन्यांनी अर्पण केलेल्या आहेत. खांबांच्या मागील बाजूस दात्याचे नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत कोरलेली असते. पण एदो काळात सारा तांदळात भरला जाई, सामुराईंचे वेतनही तांदळात मोजले जाई. धान्य हीच संपत्ती असताना पिकाचा देव पेढीवर येणे स्वाभाविकच होते. शिवाय आवारातील शेतात आजही 10 जूनला लावणी व 25 ऑक्टोबरला कापणी विधिपूर्वक होते आणि तो तांदूळ देवाला वाहिला जातो. दर्शनार्थींनी कमानींइतकाच वेळ या शेतालाही द्यावा.