पडीक: कोणाच्या लेखी?

मित्रहो, गेल्या वेळी आपण शेतसाऱ्याचा इतिहास पाहिला. आज त्याच दप्तरातला एक साधा शब्द हातात घेऊ: 'पडीक'.

१८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची नवी पाहणी सुरू केली. जमिनीची प्रत ठरवायची, तिच्यावर सारा बसवायचा. हेतू उघड होता, जास्तीत जास्त जमीन नांगराखाली यावी. आता अशा हिशेबात माळरान कुठे बसणार? ज्यावर पीक नाही, ते पडीक!

पण माळ खरंच पडून होता का हो? धनगरांचं वर्ष बघा. पावसाळ्यात गवत उगवतं, तेव्हा मेंढरं देशावरच्या माळावर. दिवाळीनंतर गवत वाळतं, पाणी आटतं, मग वाडा घाट उतरून कोकणात. तिथे भाताची खाचरं मोकळी झालेली असतात. रात्री मेंढरं शेतात बसवायची. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य. आणि पावसाआधी परत, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला चिखल सोसत नाही, खुरं सडतात. या फिरण्यात मेंढी निरोगी राहायची आणि माळालाही विसावा मिळायचा. म्हणजे चालणं हीच इथली कुरणाची व्यवस्था होती.

मग १८७८ चा वन कायदा आला. राखीव जंगलात परवानगीशिवाय चराई हा गुन्हा ठरला. एकीकडे नांगर पुढे सरकत होता, दुसरीकडे जंगलाची हद्द बंद होत होती. उरलेल्या माळावर तेवढीच जनावरं, तीही जास्त दिवस. सतत चरलं की काय होतं, हे कुठलाही मेंढपाळ सांगेल. मारवेल, शेडा अशी सकस गवतं आधी संपतात, कुसळी माजते. तिची कुसळं लोकरीत अडकतात, कातडीत रुततात. मग ठपका कोणावर? 'चराईने माळ उजाड केला!' जागा आवळली कोणी, हे मात्र विचारलं जात नाही.

हा शब्द अजून गेलेला नाही. आपल्या सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत आजही गवताळ माळ सापडतात. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायला, कारखाना काढायला वाट मोकळी होते. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने आपण एवढं तरी करू: आपल्या गावच्या गायरानाची नोंद काढून वाचू. कागदावर तिथे काय लिहिलंय, आणि जमिनीवर तिथे कोण चरतंय?